सात वाजताची शिट्टी

उखा देवचंद बोरसे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कंपनीने दिलेला हातातला कॉम्प्युटर डाव्या कानाला लावून बसले होते. मी दारातून नमस्कार केला. त्यांनी हाताने थांबायची खूण केली. अर्ध्या मिनिटाने यंत्र मांडीवर ठेवून म्हणाले, "आत काहीच आवाज नाही, साहेब. बंद पडलेला लूमसुद्धा इतका गप्प नसतो."

"त्यात फिरणारं काही नसतं, नाना. आवाज येणार नाही."

"मग बिघडलंय हे कळतं कसं?"

हे कळावं म्हणूनच तर कंपनीने मला ठेवलं होतं. १९९८ सालचा नोव्हेंबर होता. धुळ्याहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी नुकताच सुरतेच्या शाखेत लागलो होतो. कंपनी मुंबईची. लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, सुटे भाग विकायची : धोटे, फण्या, आणि धोट्याला धक्का देणारे चामड्याचे पिकर. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सुरत धरून कारखान्या-कारखान्यांतून ऑर्डरी गोळा करणारी तिची बारा माणसं होती. त्या बाराही जणांना दिवाळीआधी एकेक यंत्र मिळालं होतं. कंपासपेटीपेक्षा थोडं मोठं, करड्या रंगाचं. दिवसभर त्यात ऑर्डरी भरायच्या, संध्याकाळी सात वाजता मोडेम लावून ते फोनच्या तारेला जोडायचं, की सगळ्या ऑर्डरी मुंबईच्या मोठ्या कॉम्प्युटरला, म्हणजे सर्व्हरला, मिनिटभरात पोचणार.

अकरा जणांच्या पोचत होत्या. सुरतेच्या लिंबायत भागातल्या उखानानांच्या पोचत नव्हत्या. मुंबईहून पत्र आलं होतं : 'लिंबायत सतत अयशस्वी. वापरणाऱ्याची क्षमता तपासावी.'

वापरणाऱ्याची क्षमता अशी होती. उखानाना शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आले. आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले होते. हा तरी नजरेत भरू नये म्हणून आईने नाव ठेवलं उखा, म्हणजे उकिरड्यावरचा. सतरा वर्षं लूमवर काढली. त्यातली शेवटची नऊ जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करण्यात. त्या सतरा वर्षांनी उजवा कान पूर्ण नेला आणि डावा अर्धा. डॉक्टरने सांगितलं, आणखी शेडमध्ये राहिलात तर उरलेलाही जाईल. म्हणून ही फिरतीची नोकरी. बायको-मुलं गावी, इथे ते एकटे, चाळीच्या वरच्या खोलीत.

कारखान्याच्या दारात ते दोन मिनिटं नुसते उभे राहायचे. मग शेठला म्हणायचे, "तिसऱ्या रांगेतला भिंतीकडचा लूम. दोन दिवसांत पिकर फेकेल." शेठ आत माणूस पाठवायचा. माणूस येऊन म्हणायचा, बरोबर आहे.

"तुम्हाला ऐकू कसं येतं?" मी एकदा विचारलं.

"ऐकू कुठे येतं? पायाला कळतं."

मग वहीत ऑर्डर. अक्षर असं की ते त्यांनाच वाचता यावं. ती वही शाखेचे मॅनेजर मगनभाई यांच्यापुढे ते वाचून दाखवायचे, मगनभाई फॅक्स करायचे आणि दोन दिवसांनी माल निघायचा. हे अजूनही चालूच होतं. लिंबायतला माल येत होता, लूम चालत होते. फक्त सर्व्हरच्या लेखी लिंबायतमध्ये कुणी काहीच मागवत नव्हतं, आणि दिवाळीनंतर मुंबईचे साहेब सर्व्हर म्हणेल तेच खरं मानू लागले होते.

मी उखानानांना जोडणीची पद्धत समजावली. "यंत्र मुंबईला फोन करतं. आपलं नाव आणि गुप्त शब्द सांगतं. मुंबई फोन ठेवून देते. मग मुंबई स्वतः आपल्या नोंदवलेल्या नंबरावर उलटा फोन करते. दुसऱ्या घंटीला यंत्र तो उचलतं, आणि मग खरं बोलणं सुरू."

"आधी फोन लागलेला असताना परत कशाला?"

"भलत्याच माणसाने तुमच्या नावाने फोन केला तर? मुंबई फक्त माहितीच्या घरीच बोलते."

त्यांनी मान हलवली. "सोयरीक जमवताना असंच असतं. आपण निरोप धाडायचा. मग ते लोक स्वतः येऊन घर बघणार."

मी डिप्लोमाच्या सगळ्या अभ्यासक्रमात हे इतक्या थोडक्यात शिकलो नव्हतो.

आता फोनबद्दल. फोन उखानानांचा नव्हता, खाली राहणाऱ्या सरलाबाईंचा होता. सरलाबाई विधवा, घरी साड्यांचे धागे कापायचं काम करत. नवऱ्याने हयातीत अर्ज केलेला फोन त्याच्या माघारी घरी लागला होता. गल्लीतला तो एकुलता एक. त्यामुळे गल्लीतल्या साठ घरांनी गावाकडे, कारखान्यात, मुलांच्या शाळेत हाच नंबर दिलेला, पुढे 'पीपी' लिहून, म्हणजे शेजाऱ्याचा फोन, बोलावून द्यावा. फोन वाजला की सरलाबाई उचलत, कोण हवंय ते विचारत आणि ओट्यावर येऊन हाक मारत. त्यांची हाक गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचायची. गिरणी चालू असली तरी.

त्याच फोनची एक तार जिन्यावरून उखानानांच्या खोलीत ओढली होती. सरलाबाईंनी ती ओढू दिली होती. "यंत्र म्हंजे काय, माणूससारखंच. त्याले बी फोन येवाले पायजे," असं त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या होत्या म्हणे.

पहिल्या दिवशी मी दुपारी दोन वाजता यंत्र जोडलं. पहिल्याच झटक्यात लागलं. मी उखानानांकडे विजयाने पाहिलं.

"दुपारी लागतं," ते म्हणाले. "पण मुंबई ऑर्डरी सातलाच घेते. आणि खोट सातलाच आहे."

सात वाजता मी स्वतः जोडलं. यंत्राने मुंबईला फोन केला, नाव सांगितलं, मुंबईने ठेवला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. पडद्यावर एकदा 'रिंग' असं उमटलं. एकदाच. दुसरी घंटी आलीच नाही. पाऊण मिनिटाने 'नो कॅरिअर', म्हणजे जोडणी झाली नाही. मुंबई तीनदा प्रयत्न करायची. तिन्ही वेळा तेच.

लिंबायतमध्ये सकाळ-संध्याकाळ सात वाजता लूमची पाळी बदलते. मला एका क्षणात सगळं कळलं. पाळी बदलताना हजारो लूम बंद-चालू होतात, विजेचा दाब हेलकावे खातो, त्याची खरखर फोनच्या तारेत शिरते आणि दुसरी घंटी मरते. मी शाखेतून व्होल्टमीटर आणला. चार संध्याकाळी आकडे टिपले. मोडेम बदलला, तार बदलली, तारेला गाळणी लावली. तीन पानांचा अहवाल लिहिला, त्यात आलेख काढला. आलेखात सातच्या सुमाराला रेषा खरोखरच खाली जात होती. इतका सुंदर आलेख माझ्या हातून परीक्षेतही निघाला नव्हता.

मगनभाईंनी तो दोन्ही हातांत धरून पाहिला. "घणुं सरस, ललितभाई. बहु सरस. पण लाइन मळी?"

"नाही. पण का मिळत नाही ते कळलं."

"ते कळून पिकर विकला जशे?"

मुंबईने अहवालाला एका कागदाने उत्तर दिलं. त्यावर तीन चौकोन होते : यंत्र, लाइन, वापरणारा. महिनाअखेरीपर्यंत यांपैकी एकावर खूण करून पाठवायची होती. यंत्र तर दोनदा बदललं होतं. दुपारी लाइन लागते हे मीच लिहून बसलो होतो. उरला तिसरा चौकोन. त्यावर खूण झाली, तर लिंबायतला एक तारखेपासून नवा, शिकलेला माणूस येणार होता, आणि उखानाना पुन्हा लूमवर.

मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी इंग्रजी वाचता येत नसूनही बराच वेळ पाहिला.

"मी यातला कुठला?"

मी बोट ठेवलं.

"बरं. खूण करायचीच वेळ आली तर शाईने कर. पेन्सिलीने केली की माणसाला उगाच वाटत राहतं, कोणी खोडेल." मग डाव्या कानावर हात ठेवून म्हणाले, "तोवर हा आहे. ऐकून घेऊ काय ऐकायचं ते."

महिना संपायला पाच दिवस राहिले असताना मी व्होल्टमीटरची वायर घेऊन खाली सरलाबाईंकडे गेलो. वरच्या खोलीतल्या प्लगपेक्षा खालचे आकडे वेगळे येतील अशी मला आशा होती. सरलाबाई कोपऱ्यात साडीचे धागे कापत होत्या. त्यांची अठरा वर्षांची रंजना पोळ्या लाटत होती. सात वाजले. वर उखानानांनी यंत्राचं बटण दाबलं असणार, कारण मिनिटभरात खालचा फोन वाजला.

एकच घंटी. सरलाबाईंनी कात्री टाकून झडप घातली. "हॅलो! कोन? कोनले बलावू?"

मग त्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. रंजनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाठ केली. पदर ओढून रिसीव्हर झाकला. आणि ज्या बाईची हाक गिरणीपर्यंत जाते ती बाई कुजबुजली, "मुडद्या, परत उना का तू? तुले मायबहीण नही का? एकदाव आठे ये, चपलाघाई तुनं थोबाड रंगाडस!"

आणि हळूच फोन ठेवला.

"कोण होतं, मावशी?"

"राँग नंबर."

रंजनाचं लाटणं थांबलं होतं. वरून उखानानांचा खणखणीत आवाज आला, "साहेब, नो कॅरिअर!"

फोन पुन्हा वाजला. सरलाबाईंनी पुन्हा पहिल्या घंटीला उचलला आणि शिवी तोंडात तयार केली. मी हात पुढे केला. "मावशी, मला द्या जरा." त्या देईनात. मी जवळजवळ ओढूनच घेतला आणि कानाला लावला.

शांतता. मग अर्ध्या सेकंदाची बारीक शिट्टी. पुन्हा शांतता. पुन्हा शिट्टी. रस्त्याच्या कडेला उभा राहून कोणी टवाळ मारतो तशीच. फोन करणारं मोडेम समोरच्या मोडेमला अशी खूण देतं की, मी यंत्र आहे, उचल. हा आवाज मी परीक्षेत कागदावर आकडा घालून लिहिला होता.

मी जमिनीवरच बसलो. बाकी सगळं मग हळूहळू बाहेर आलं. पाच आठवडे रोज सातला एक मवाली फोन करायचा आणि बोलायचा नाही, शिट्टी मारायचा. ज्या घरात तरणी मुलगी आहे त्या घरात शिट्टी कोणासाठी, हे सरलाबाईंना विचारावं लागलं नाही. नंदुरबारच्या एका मुलाशी रंजनाचं बोलणं चाललं होतं. गल्लीत बातमी फुटली तर ते मोडलं असतं. म्हणून त्या कोणालाच सांगत नव्हत्या आणि शिव्यासुद्धा कुजबुजत देत होत्या. रंजनाचा शिवणक्लास त्यांनी बंद केला होता, कारण तो सातला सुटायचा. आणि दुपारी माझं यंत्र लागायचं, कारण दुपारी सरलाबाई साड्यांची गाठोडी पोचवायला बाहेर असायच्या.

उखानाना जिना उतरून आले. मी त्यांना सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं, दुसऱ्यांदा डाव्या कानात.

"सरलाबाई," ते म्हणाले, "ते मुंबईनं यंत्र शे. माले फोन करस."

"यंत्र काब्र शिट्टी मारस?"

"त्याले जबान नही, म्हनीसन."

सरलाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू शिट्टीवाल्याला मीच पाठीशी घालतोय. मी शपथ घेतली. मुंबईला फोन लावून देऊ का विचारलं. त्या नको म्हणाल्या, आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"मी त्याले काय काय बोलनू, नाना. पाच आठवडा. तठे कोणी ऐकस का? साहेब लोके?"

"नाही हो मावशी. तिथे कान नाहीत."

"मना शिव्यासघाई तर नानानी नोकरी नही चालनी ना?"

एका अर्थी तेच झालं होतं. मी तसं म्हटलं नाही. रंजना मात्र लाटणं घेऊन हसत सुटली होती, आणि तिला आवरता येईना. "आई, तू मुंबईच्या कॉम्प्युटरला चपला दाखवल्या!"

"चूप! उद्यापासून जा क्लासले."

मला वाटलं, झालं. सातला दहा मिनिटं सरलाबाईंनी फोन उचलायचा नाही, इतकंच. मी तसं सांगितलं. त्यांनी सरळ नकार दिला.

"वाजना का मी उचलनार. प्लेगना सालमा बठ्ठी गल्ली गावले गयी. मी नही गयी. काब्र? फोन कोन उचलनार? गावनं माणूस बूथमा हुभं ऱ्हास, इचारस, मना आंडोर, मना पोऱ्या, जित्ता शे का? त्याले घंटी ऐकत ठेवू का मी?"

शेजारचा भटू, जो लूमवर कामाला होता आणि तोवर ओट्यावर येऊन बसला होता, त्याने मान डोलावली. त्याची आजी गेल्याचा फोन अशाच सात वाजता आला होता.

मी मुंबईला विचारलं, उलट फोनची पद्धत लिंबायतपुरती बंद करता येईल का? उत्तर आलं, सुरक्षेच्या नियमाला अपवाद नाही. तेव्हा मी हुशारी केली. यंत्र दुसऱ्या घंटीला उचलायचं, ते मी पहिल्या घंटीला उचलेल असं करून ठेवलं. सरलाबाई कितीही चपळ असल्या तरी विजेच्या पुढे नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सात वाजता यंत्राने मुंबईला फोन केला. मुंबईने ठेवला. आणि मुंबईचा उलटा फोन यायच्या आत, मधल्या त्या मिनिटभरात, शिंदखेड्याच्या बूथवरून भटूच्या वडिलांनी फोन लावला. यंत्राने पहिल्या घंटीला तो उचलला आणि म्हाताऱ्याच्या कानात अशी लांबलचक शीळ घातली की त्यांनी रिसीव्हर टाकून दिला. लाइन अडकलेली, त्यामुळे मुंबईलाही लागली नाही.

सकाळच्या गाडीने गावाहून आलेल्या माणसाने निरोप आणला : सरलाबाईच्या घरी फोन केला की आतून बाप्या माणूस शिट्टी वाजवतो. सगळ्या गावाला माहीत झालं होतं. संध्याकाळपर्यंत नंदुरबारहूनही विचारणा आली.

पाच आठवडे जे झाकायला त्या शिव्या कुजबुजत होत्या, ते मी एका संध्याकाळीत गावभर केलं. सरलाबाई जिना चढून वर आल्या. यंत्राची तार भिंतीतून उपटली, गुंडाळली आणि उखानानांच्या खाटेवर ठेवली.

"नंदुरबारले मी सांगसू," एवढंच उखानाना म्हणाले. आणि त्यांनी खरंच सांगितलं. बूथवर जाऊन मुलाच्या बापाशी अर्धा तास ओरडत बोलले. बापाचं म्हणणं त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्याला हरकत घेता आली नाही.

महिन्याचे दोन दिवस उरले. मी माझा कागद घेऊन गेलो, तेव्हा ते ट्रंकेतून लूमवरचा जुना पान्हा काढून त्याला तेल लावत होते. त्यांनी तारेचं भेंडोळं उचललं. "चल. ही त्यांची तार. देऊन येऊ."

खाली सरलाबाई ओट्यावर बसल्या होत्या. उखानानांनी भेंडोळं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते घेतलं नाही. नानांच्या हातातल्या पान्ह्याकडे पाहिलं.

"परत शेडमा जाशात?"

"काय ऐकू नही उनं," उखानाना म्हणाले. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं की नाही, ते मला आजही माहीत नाही.

सरलाबाईंनी भेंडोळं जवळ ओढलं. मग मला विचारलं, "तो मुंबईवाला थांबस का?"

"थांबतो म्हणजे?"

"मी फोन उचलना. माले शिट्टी ऐकू उनी. मी त्याले म्हनं, थांब रे भो, बलावस. मग नानाले हाक मारी. तोपावत तो थांबस का फोन ठेवी देस?"

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. मी वर जाऊन यंत्राचं पुस्तक काढलं. फोन करणारं मोडेम समोरच्याच्या उत्तराची वाट बघतं. किती, ते ठरवलेलं असतं. आमचं पंचेचाळीस सेकंद. आणि यंत्राला हाताने एक आज्ञा दिली, की घंटी वाजत नसली तरी ते लाइन उचलतं. हे सगळं छापलेलं होतं. मी ते पान वाचून पुढे गेलो होतो, कारण घंटी वाजायची थांबल्यावर लाइन कोणी का उचलेल, हे त्यात लिहिलं नव्हतं.

"पंचेचाळीस सेकंद थांबतो, मावशी."

"लोके अर्धा अर्धा तास थांबतस," त्या तुच्छतेने म्हणाल्या. "चालीन. पन एक. तो बी बठ्ठास्नासारखा. दुसराना फोन चालू व्हई तर त्यानी थांबानं."

शेवटच्या संध्याकाळी तार परत लागली. मी उखानानांच्या शेजारी, त्यांचा अंगठा आज्ञेच्या कळीवर. ओट्यावर भटू, कारण उखानाना हाक ऐकतील याची खात्री नव्हती. सात वाजता यंत्राने फोन केला. मुंबईने ठेवला. खाली घंटी वाजली.

"हॅलो? कोन? ...हां, थांब." आणि मग सगळ्या लिंबायतला ऐकू जाईल अशी हाक : "सुभद्राऽऽ! तुना भाऊना फोऽऽन!"

सुभद्राबाई पाचव्या दारातून धावत आल्या. भावाला मुलगा झाला होता. त्याचं वजन झालं, नाक कोणासारखं ते झालं, बारशाची तारीख झाली. मुंबईचा पहिला प्रयत्न गेला. दुसरा गेला. मी घड्याळाकडे बघत होतो. "नाना, त्यांना सांगू का, जरा आवरा?"

"बोलू दे," ते म्हणाले. "पोरगा झालाय."

सुभद्राबाईंनी फोन ठेवला आणि पेढ्यांचं काय ते बोलत बाहेर पडल्या. लगेच घंटी. एकच.

"हॅलो, कोन?... हां हां, थांब रे बाबा, बलावस!" मग हाक : "नानाऽऽ! तुम्हनी मुंबऽऽई!"

उखानानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं. भटूने खालून जिन्याच्या पत्र्यावर काठी मारली. जमिनीत हादरा आला, तो त्यांच्या पायाला कळला, आणि अंगठा दाबला गेला. खाली सरलाबाईंनी अलगद रिसीव्हर ठेवला. यंत्राच्या आत दोन आवाज एकमेकांना घासले, आणि पडद्यावर 'कनेक्ट' हा शब्द आला, जो सातला बघायला मी चार आठवडे तरसलो होतो. महिनाभराच्या सगळ्या ऑर्डरी दीड मिनिटात गेल्या.

"काय म्हने मुंबई?" सरलाबाईंनी खालून विचारलं.

"मिळालं म्हणे," मी ओरडलो.

"बस? येवढासाठे?"

मी दुसऱ्या चौकोनावर, म्हणजे लाइनवर, शाईने खूण केली आणि शेरा लिहिला : 'स्थानिक पातळीवर दुरुस्त.' उखानानांची नोकरी राहिली.

इथे थांबता आलं असतं, पण मुंबई थांबली नाही. डिसेंबरभर लिंबायतची जोडणी एकही दिवस चुकली नाही, तेव्हा साहेबांनी खूश होऊन उखानानांना कडोदऱ्याचे कारखानेही दिले. कडोदरा हायवेवर. तिथल्या शेठांची गाठ संध्याकाळीच पडते, आणि तिथून लिंबायतला यायला आठ वाजतात. सातला घरी कोण असणार?

म्हणून आता यंत्र घरीच असतं, खाली सरलाबाईंकडे, त्यावर रंजनाने विणलेला रुमाल. उखानाना पूर्वीसारखी वही घेऊन फिरतात. साडेसहाला कडोदऱ्याच्या बूथवरून फोन करतात आणि ऑर्डरी वाचून दाखवतात. पलीकडचं त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे वाचून झालं की ठेवून देतात. रंजना, जिने शिवणक्लास आता दुपारचा करून घेतलाय, त्या यंत्रात भरते आणि सातला मुंबईला फोन लावते. मार्चमध्ये लग्न होऊन ती नंदुरबारला जाईल, तेव्हा भरायला कोणाला बसवायचं, हे तिने आतापासून ठरवायला घेतलंय. सातला शिट्टी आली की सरलाबाई स्वतःच कळ दाबतात. हाक मारावी लागत नाही, याचं त्यांना जरा वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात मुंबईहून पत्र आलं. लिंबायतची कार्यपद्धती इतर अकरा ठिकाणी राबवायची आहे, तिचं टिपण पाठवावं. सोबत एक तक्ता होता. त्यात 'सायंकाळी सात वाजता यंत्रावर हजर' या रकान्यात उखा देवचंद बोरसे यांच्या नावापुढे महिनाभर रोज बरोबरची खूण होती. मी ते पत्र वाचलं तेव्हा सातच वाजत होते. उखानाना कडोदऱ्याच्या चौकात रिक्षात बसले असतील, आणि रिक्षावाला आणखी एक माणूस मिळाल्याशिवाय निघत नसेल.